शिट्टी तिच्या हातात होती

माझी मोठी मुलगी फुटबॉलची पंच आहे. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, पोरींच्या मॅचची का. मी सांगते, नाही, बाप्यांच्या. मग हसायचे थांबतात.

आम्ही कोल्हापुरातल्या जुन्या पेठेत राहतो. इथं पेठेपेठेची तालीम आहे आणि तालमीचा फुटबॉल संघ आहे. तालमी खरं तर कुस्तीच्या. आता तांबड्या मातीत उतरणारे थोडे राहिले, पण संघ अजून तालमीच्याच नावानं खेळतो. संघ हरला की पेठेत चूल पेटत नाही असं बाहेरचे सांगतात. खोटं आहे. चूल पेटते, भाकरी होते, सगळे जेवतात. फक्त कुणी मान वर करून जेवत नाही.

माझे मालक तालमीकडून बॅकला खेळायचे. दिवसभर फौंड्रीत काम आणि संध्याकाळी मैदान. मी चौथीपर्यंत शिकलेली. फुटबॉल मला त्यांनी शिकवला, तोही चुलीपुढं बसून, पाटावर शेंगदाणे मांडून. हँडचा नियम त्यांनी एका दमात सांगितला होता. चेंडू येऊन हाताला लागला तर काही नाही, हात चेंडूकडं गेला तर हँड. मला तो लगेच पटला. गर्दीत कुणाचा धक्का लागणं वेगळं आणि कुणी धक्का मारणं वेगळं, हे कळायला शाळा लागत नाही.

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचे बूट मी ठेवलेत. आठवण म्हणून नव्हे, खंडेनवमीला लागतात म्हणून.

खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्याराची पूजा करतात. तालमीत त्या दिवशी मारुतीपुढं पाट मांडतात. त्यावर जुनी गदा, दांडपट्टा, आणि त्यांच्या शेजारी नवा चेंडू, गोलकीपरचे हातमोजे आणि पेठेतल्या जुन्या खेळाडूंचे बूट. ज्या घरातून बूट येतात ते घर तालमीचं, असा त्याचा अर्थ. तो कुणी बोलून दाखवत नाही. बायका आत जात नाहीत. मी पायरीवर उभी राहून ताट पुढं करते आणि वस्ताद ते आत नेतात. वस्ताद म्हणजे तालमीचे जुने कारभारी, मालकांबरोबर खेळलेले. पेठेत भांडण लागलं तर पोलिसांच्या आधी त्यांना बोलावतात.

मुलगी पंचाची परीक्षा पास झाली त्या वर्षी मी तिची शिट्टी बुटांशेजारी ताटात ठेवली. कुणाला विचारलं नाही. वस्तादांनी ताटात बघितलं.

"वैनी, हे काय आणलंय? आमच्याच पोरांना मारायचं हत्यार?"

"हत्यारच हाय की. ठेवा मारुतीपुढं. गंज चढाय नको."

"प्लास्टिकची हाय. हिला कसला गंज चढतोय," म्हणाले, आणि हसत आत घेऊन गेले. तेव्हापासून दर वर्षी बूट आणि शिट्टी एकाच ताटातून जात होती.

मुलगी स्वतः खेळलेली. कागलच्या एका शाळेत खेळ शिकवते, रोज एसटीनं जाते-येते. तिला कोल्हापुरातच दिली, दुसऱ्या पेठेत. पायी जाऊन, चहा पिऊन परत यावं इतक्या अंतरावर. पण मॅचच्या दिवशी ते परमुलूख.

पंचाला स्वतःच्या पेठेची मॅच देत नाहीत. कुठं लिहिलंय का मला माहीत नाही, पण सगळे पाळतात. जोखमीची मॅच असेल तर बाहेरगावचाच पंच बोलावतात. रीत चांगली आहे. पण ती पाडणाऱ्यांच्या डोक्यात बाई नव्हती. बाप्याला एक पेठ असते. बाईला दोन असतात आणि कागदावर त्यातली एकच राहते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या संघाची अशीच एक जोखमीची मॅच होती. बरोबरी झाली तरी आम्ही फायनलला जाणार होतो. हरलो तर आमच्या जागी मुलीच्या सासरचा संघ जाणार होता. पंच आजऱ्याचा ठरला होता. सकाळी त्याचा निरोप आला की ताप भरलाय, उठवत नाही. दहा वाजायच्या सुमाराला मुलीचा मला फोन आला.

"आई, आजची मॅच मला दिली."

"कुठली?"

"आपलीच."

मी म्हटलं, "नाही म्हण."

"म्हटलं. मॅच लावणाऱ्या साहेबांना सांगितलं की माझं माहेर त्या पेठेतलं. ते म्हणाले, लग्न झाल्यावर माहेर कसलं, आमच्याकडं तुमचा पत्ता सासरचा हाय. मी म्हटलं, सासरच्या संघाचाबी ह्यात फायदा-तोटा हाय. तर म्हणाले, ते आज खेळत्यात का? न्हाईत ना? मग झालं."

"तरी नाही म्हण."

"आणि पुढच्या वेळी कोण बोलवंल मला? बाईला मॅच दिली की रडगाणं लावते, एवढंच म्हणतील."

फोन ठेवला. माझा मुलगा, तिच्या पाठचा भाऊ, संघाचं सगळं बघतो. जर्सी, बूट, पाणी, पोरांची ने-आण. तो आंघोळ करून बाहेर आला आणि मी त्याला सांगितलं. मला वाटलं, तो साहेबांना फोन करील, हे चालणार नाही म्हणेल. त्यानं टॉवेल झटकला आणि हसला.

"आक्का हाय? मग काय काळजी?"

"अरे, तिला अडचण होईल."

"कसली अडचण? आपली लेक हाय. काय आपल्याच पोरांना बाहेर काढती का?"

दुपारपर्यंत सगळ्या पेठेला कळलं. पानपट्टीवर, चौकात, पोरं एकमेकांना टाळ्या देत होती. आज शिट्टी घरचीच हाय म्हणत होती. समोरच्या संघाला तिचं माहेर ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं, आणि आम्ही गप्प बसलो. पुढं जे झालं ते त्या दुपारी ठरलं, चेंडू नंतर हलला.

मी मॅचला गेले. बायकांच्या बाजूला बसले. माझ्या शेजारी आमच्या शेजारणीची जागा. तिचा पोरगा संघात बॅकला खेळतो, मालकांच्याच जागेवर. पोरगं गुणी, कारखान्यात नोकरीला, लग्नाचं बघत होते. उन्हानं सिमेंट तापलेलं. पदराची घडी करून खाली घेतली तरी चटके बसत होते.

मुलगी मैदानात आली तेव्हा आमच्या बाजूनं गोल झाल्यासारखी आरोळी उठली. तिनं वर बघितलं नाही. 

पहिल्या अर्ध्यातच एक गोष्ट झाली. आमच्या पोरानं मारलेला चेंडू समोरच्यांच्या गोलपुढं त्यांच्या एकाच्या हाताला लागला. आख्खी पेठ उठून उभी राहिली. त्यानं हात छातीशी धरला होता. मुलीनं दोन्ही हातांनी खूण केली, चालू द्या. आमच्याकडचे थोडं ओरडले, पण मनापासून नाही. आपली लेक आहे, पुढं भरून काढील, असं धरून चालले होते.

दुसऱ्या अर्ध्यात एक-एक झाला. बरोबरी आम्हाला पुरत होती. शेवट जवळ आला, पोरं गुलालाची पोती सोडायला लागली. तेवढ्यात समोरच्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. शेजारणीच्या पोरानं उडी मारली, डोकं चुकलं, आणि चेंडू त्याच्या वर गेलेल्या हाताला लागून खाली पडला. त्यानं चेंडूकडं बघितलंसुद्धा नव्हतं. त्याची मान दुसरीकडं होती. मी बघत होते.

शिट्टी वाजली. मुलीनं पेनल्टीच्या ठिपक्याकडं हात केला.

शेजारणीनं माझं मनगट धरलं होतं. धरलेलंच होतं उडीच्या वेळेपासून. तिनं हात सोडला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, हँड हुता का हो?"

मी ठिपक्यावर ठेवलेल्या चेंडूकडं बघत राहिले.

गोल झाला. मग शिव्या सुरू झाल्या. पंचाला शिवी देताना आमच्याकडं आईला घेतात. ती आई मी होते. देणारी पोरं माझ्या दारात खेळून मोठी झालेली. त्यातल्या एकदोघांच्या लक्षात आलं की मी इथंच बसलीय. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जरा थांबली, आणि परत सुरू झाली. मॅच संपल्यावर बाटल्या, चपला मैदानात पडल्या. पोलिसांनी मुलीला मधे घेऊन बाहेर काढलं. मी चालत घरी आले. रस्ता सगळा आमच्या माणसांनी भरलेला होता आणि माझ्याभोवती हातभर जागा मोकळी होती.

मुलगा उशिरा आला. जेवायला बसला नाही. मोबाईल माझ्यापुढं धरला. कुणीतरी काढलेलं होतं ते. उडी, हात, चेंडू. परत उडी, हात, चेंडू.

"बघ. सांग कुठं हाय हँड."

मी मोबाईल बाजूला केला. त्यानं मग स्वतःच किती वेळा बघितलं कुणास ठाऊक. पेठेत सगळ्यांच्याच मोबाईलवर ते होतं. बघून बघून कुणाचं मत बदललं असं ऐकलं नाही. मुलीच्या सासरच्या पेठेतही तेच चाललं असणार, आणि तिथं सगळ्यांना हँड स्पष्ट दिसत असणार.

एवढ्यावर राहिलं असतं तर पावसाळ्यापर्यंत विझलं असतं. पण तिच्या सासरच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. तिचा शिट्टी वाजवतानाचा फोटो आणि खाली 'सूनबाईंचे जाहीर आभार'. त्यांना गंमत वाटली. आमच्या पेठेला पुरावा मिळाला. बघा, म्हणाले, सासरला वर काढलं, माहेरला विकलं. मुलीनं संध्याकाळी शाळेतनं आल्या आल्या, पाठीवरची बॅग न उतरवता, तो फ्लेक्स ओढून फाडला. मग सासरचीही तिच्यावर नाराज झाली. सासू म्हणाली, पोरांनी कौतुकानं लावलेलं, त्यात फाडण्यासारखं काय होतं.

भावानं तिच्याशी बोलणं टाकलं. भांडला नाही. तिचा फोन आला की माझ्याकडं द्यायचा, तेवढंच.

ती आमच्याकडं आली ती शाळेच्या सुट्टीत, भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना. आपल्या आईच्या घरी यायला तिनं अशी वेळ शोधली हे मला खुपलं. मी भाकरी करत होते. ती पाटावर बसली.

"तू बघितलंस ना," म्हणाली. "सांग की मग. तुला काय वाटतं?"

मला घोळवून सांगता येत नाही. "मला तो हँड वाटला नाही," मी म्हटलं. "त्यानं हात चेंडूकडं नेला नाही. चेंडू आला हाताला."

ती हसली नाही, रागावलीही नाही. "हे बाबांचं झालं. आता तसं न्हाय राह्यलं. मुद्दाम नेला का न्हाय एवढंच बघत न्हाईत. हात कुठं होता तेबी बघत्यात. हात अंगाबाहेर काढून अंग मोठं केलं आणि चेंडूची वाट अडली, तर हँड. त्याचा हात खांद्याच्या वर हुता."

"उडी मारताना हात कुठं ठेवायचा? खिशात?"

"आई."

"न्हाय, सांग तू मला."

मी तव्यावरची भाकरी उतरवली आणि उठले. उंबऱ्यावर उभी राहिले. ती म्हणाली, काय करतीयास, पडशील. मी उंबऱ्यावरून खाली उडी मारली. या वयात माझी उडी ती काय, पण दोन्ही हात पिठासकट वर गेले. एक दाराच्या चौकटीवर आपटला.

"बघ," मी म्हटलं. "हात वर गेले. मी काय अंग मोठं केलं?"

तेव्हा ती हसली. माझा हात धरून बघितला, कुठं लागलंय का. मग म्हणाली, "उडीला जेवढा जायला पाहिजे त्याच्यापेक्षा जास्त गेला का, ते मला बघायचं असतं. मला जास्त वाटला. दुसऱ्या कुणाला न वाटंल. त्या पहिल्या हँडला त्यांच्या पोराचा हात छातीला चिकटलेला हुता, म्हणून न्हाय दिला. दोन्ही एकाच मापानं मोजले."

"माप तुझं झालं."

"मैदानात माझंच असतंय. दुसरं कुणाचं असणार?"

मी परत चुलीपुढं बसले. भाकरी कडक झाली होती. तिनं ती तशीच खाल्ली, आमटीत कुस्करून, आणि गल्ली जागी व्हायच्या आत निघून गेली. मला आजही वाटतं, नियम बदलणाऱ्यांनी कधी उंबऱ्यावरून उडी मारून बघितली नसणार. पण नियम तिनं केलेला नाही, हेही तेवढंच खरं.

शेजारणीकडं वेगळीच तऱ्हा. तिच्या पोराला पेठेतली पोरं चिडवत होती. हात कापून देवाला वाहा म्हणायची. कारखान्यातसुद्धा जेवणाच्या सुट्टीत तेच. पोरगं मैदानावर जायचं बंद झालं. एकदा नळावर आम्ही दोघीच होतो. ती घागर भरत खाली बघून बोलली.

"मावशी, तुमच्या लेकीनं शिट्टी वाजवली न्हसती तर माझ्या पोराचा हात कुणाच्या ध्यानातबी आला न्हसता."

"व्हय."

"आणि त्याचा हात लागला न्हसता तर तुमच्या लेकीला कोण बोललं न्हसतं."

"ते बी खरं."

"मग आता कुणाला बोलायचं आपण?"

मी म्हटलं, "घागर वाहाय लागली बघ तुझी." तिनं नळ बंद केला. आमचं बोलणं तुटलं नाही, पण पूर्वीसारखी ती माझ्या दारात येऊन बसत नाही.

गौरी-गणपती झाले. गौरीला मुलगी आली नाही. शाळेत काम आहे म्हणाली. मी कुरडया, पापड पिशवीत घालून तिच्या घरी नेऊन दिले. सासू नीट बोलली, पण चहा करताना म्हणाली, आता तुमची लेक ना तुमच्यात ना आमच्यात. गमतीनं म्हणाली. मी चहा अर्धा ठेवला.

नवरात्र बसायच्या आधी वस्ताद आमच्या घरी आले. मुलगाही घरात होता, दाराला टेकून उभा राहिला. वस्तादांनी पाणी घेतलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"वैनी, हे मिटवाय पायजे. पोरगी पेठेची हाय. तिचं येणं-जाणं तुटलं हे बरं न्हाय दिसत."

मी म्हटलं, "मग मिटवा की."

"तिनं तालमीत येऊन एवढं म्हणावं की चूक झाली. पंचाची चूक होत न्हाय का? बाप्यांची होती. एकदा म्हटली की कोण ब्र काढणार न्हाय, माझी जबाबदारी."

"ती म्हणणार नाही."

"ठावं हाय. बापासारखी हाय." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मग तुम्ही म्हणा."

"मी?"

"तुम्ही हुता तिथं. तुम्हाला खेळ कळतोय, आख्ख्या पेठेला ठावं हाय. खंडेनवमीला ताट घेऊन येशीला, तवा चार माणसांपुढं एवढं म्हणा, मला काय हँड दिसला न्हाय. बस. पोरीला बोलाय नको, यायला नको. आईनं सांगितलं म्हटल्यावर पोरं गप्प बसतील. पोरगी दिवाळीला उजळ माथ्यानं येऊ दे घरात."

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "आई, तुला दिसला का हँड? खरं सांग."

मी म्हटलं, "विचार करते."

वस्ताद गेल्यावर मला झोपताना, उठताना, तांदूळ निवडताना तेच डोक्यात. गंमत अशी की ते मला खोटं बोलायला सांगत नव्हते. मला हँड दिसला नव्हताच. जे मनात आहे ते पायरीवर उभं राहून बोलायचं आणि माझी लेक तिच्या माहेरी यायला मोकळी. माझा मुलगा बहिणीशी बोलायला मोकळा. दुसरी एखादी म्हणाली असती, यात एवढा काय विचार करायचा.

पण बोलल्यावर काय होईल तेही मला दिसत होतं. मी एकदा म्हटलं की ते माझं मत राहणार नव्हतं. पंचाच्या आईनंच सांगितलं, असं होणार होतं. ते दुसऱ्या पेठेत जाणार, स्टेडियमवर जाणार. पुढं ती कुठल्याही मॅचला शिट्टी वाजवील तेव्हा कुणीतरी उठून म्हणणार, जा, आधी आईला विचारून ये. तिची शिट्टी त्या दिवशी संपली असती. तिला माहेर मिळालं असतं आणि मैदान गेलं असतं, आणि दोन्हीचा सौदा तिला न विचारता मी केला असता.

तिला मी फोनवर विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुला वाटतंय ते तू बोल. मला तिच्याकडून तशी मोकळीक नको होती.

खंडेनवमीच्या सकाळी मी बूट पुसले, तेल लावलं. शिट्टी तिनं आपल्या पोराच्या हाती आदल्या दिवशीच पाठवली होती, दर वर्षीसारखी. ताटात दोन्ही ठेवलं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. तालमीपुढं बरीच माणसं होती. मुलगा आत, मारुतीपुढं चेंडूला हार घालत होता. शेजारणीचा पोरगाही बऱ्याच दिवसांनी आलेला, कोपऱ्यात उभा. मी पायरीवर गेले आणि ताट पुढं केलं.

वस्ताद बाहेर आले. त्यांनी ताटातनं बूट उचलले. शिट्टी तशीच राहू दिली. माझ्याकडं बघत उभे राहिले. सगळे पुढं सरकले. मी काय बोलायचंय हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. मुलानं सांगितलं असणार, किंवा वस्तादांनी.

"वैनी," ते म्हणाले, "तुम्ही हुता तिथं. काय दिसलं तुम्हाला, सांगा चार माणसांत."

मी म्हटलं, "शिट्टी तिच्या हातात होती. माझ्या नव्हती."

"तसं न्हवं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मी माझ्या लेकीला सांगितलंय. तिला ऐकायचं होतं तेवढं तिनं ऐकलं. तुम्हाला सांगायला मी आलेली नाही. हत्यारं ठेवायला आलीय."

मागनं कुणीतरी बोललं, "म्हातारी फिरली." दुसरा म्हणाला, "लेकीवर गेलीया." एकजण हसला.

वस्तादांना वाईट वाटलं असणार. त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण तेही अडकले होते, चार माणसांत विचारून बसले होते. "मग शिट्टी घरी न्या," म्हणाले. "बूट ठेवतो. बूट आमच्या गड्याचे हायत."

"बूट बी द्या."

"वैनी."

"एका ताटातनं आलंय. एका ताटातनं जाईल."

ते हलले नाहीत. मी ताट पुढं धरून उभी राहिले. हात दुखायला लागला. शेवटी त्यांनी बूट परत ताटात ठेवले, सावकाश, एकाशेजारी एक. आत मुलगा चेंडूच्या हारातलं फूल नीट करत होता. ते नीटच होतं. शेजारणीच्या पोरानं मात्र माझ्याकडं बघितलं आणि आपला उजवा हात पाठीमागं घेतला. का ते मला माहीत नाही. कदाचित सवय लागली असेल.

घरी येऊन मी विळी, पाटा-वरवंटा आणि खलबत्ता मांडला होता त्यांच्यातच बूट आणि शिट्टी ठेवली. कुंकू लावलं. मारुती नव्हता, भिंतीवरचं कॅलेंडर होतं. चाललं.

संध्याकाळी मुलगा आला. हात धुऊन पानावर बसला. त्याला बूट दिसले.

"बूट तरी ठेवायचे हुतेस," म्हणाला. "बाबांचे हुते. ह्या घरातनं ह्या वर्षी काहीच गेलं न्हाय."

"शिट्टी घेत असले तर बूट जातील."

"मी तालमीत कुठल्या तोंडानं बसू?"

"बस की. तुला कुणी काय म्हटलं?"

तो जेवला आणि उठला. दसऱ्याला सोनं द्यायला तो बहिणीकडं गेला नाही. भाऊबीजेला ती आली नाही. मीच तिच्याकडं गेले, ओवाळून घ्यायला नव्हे, पोरांना फराळ द्यायला. तिनं विचारलं, तालमीत काय झालं म्हणे. मी म्हटलं, काही नाही, पाटावर जागा नव्हती. तिला सगळं कळलेलं असणार, कोल्हापुरात काय लपतंय. तिनं परत विचारलं नाही.

आता नवा हंगाम सुरू झालाय. तिला मॅच मिळतात. आमच्या पेठेची आणि तिच्या सासरची सोडून, असं तिनं साहेबांना लिहून दिलं. त्यांनी घेतलं. मी जाते बघायला. दुसऱ्या पेठांच्या बायकांमधे बसते. त्या मला ओळखत नाहीत. परवा तिनं एक ऑफसाईड दिला तर शेजारची बाई पंचाच्या आईला काहीतरी म्हणाली. मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले.

मुलगा अजून बहिणीशी बोलत नाही. मला हँडचं विचारायचं मात्र त्यानं सोडलंय. एकदा जेवताना म्हणाला होता, "मला एकट्याला तरी सांग. हँड हुता का?" मी त्याला आमटी वाढली. त्याला सांगितलं तर तो तालमीत सांगेल. मनानं वाईट नाही तो, पण त्याला ते पोटात ठेवता येणार नाही.

मला तो हँड वाटला नाही. अजूनही वाटत नाही. डोळे मिटले की ती मान दुसरीकडं वळलेली दिसते आणि हात आपसूक वर गेलेला. पण पेठेत कुणी विचारलं तर मी सांगते, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, लांबचं दिसत नाही. मोतीबिंदू आहेच, डाव्या डोळ्यात. उजव्यानं मला स्टेडियमच्या पलीकडच्या बाजूची माणसं ओळखू येतात.